सांडूनं धरलेली पट्टी

श्रेया, तो मोबाईल ठेव आधी. ऐकायचं तर नीट ऐका, नायतर झोपा. ही गोष्ट आपल्या संघपालची. माझ्या हाताखाली तेरा वर्षं मोजणीचं काम केलेला गडी, खोटं बोलायचा नाय.

पाचोडच्या पुढं कोरडा चर आहे, साहेबाचा पाट म्हणतात. निजामाच्या काळात टिल्डन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं खोदला, पण पाणी काय वाहिलं नाय. आता त्याच्या पणतीनं विलायतेत बसून घराण्याचा इतिहास इंटरनेटवर टाकलाय. त्यात लिहिलं की उंची मोजायची उभी, आकड्यांची पट्टी धरणारा सांडू ती तिरपी धरायचा, म्हणून पाट फसला. हा सांडू म्हणजे संघपालचा पणजोबा. मोजणीच्या साखळीत सापडून त्याच्या डाव्या अंगठ्याचं पेर गेलं होतं, आणि वर हे बक्षीस.

संघपालनं बाईला सात मेल केले. दर वेळी एकच गोड उत्तर, पुरावा आहे का? लई वैतागला. म्हणाला, तिनंच साहेबाच्या वहीचे फोटो टाकलेत, त्यात नोंदलेले चरातले खुणेचे तीन दगड पुन्हा मोजतो. उंचीतला फरक तोच निघाला, तर पट्टी सरळ होती, चूक साहेबाच्या गणितात.

गेल्या डिसेंबरात, एकवीस तारखेला, रविवारी दुपारी त्यानं चरात मोजणीची दुर्बीण लावली. पट्टी घेऊन त्याचा मदतनीस सत्यम यायचा होता. तीन वाजले. पाच वाजले. फोन लागेना. दिवस बुडाला, सात वाजले. सत्यमला शिव्या देत आवरायला उठला, अन् उगाच एकदा दुर्बिणीला डोळा लावला...

पहिल्या दगडावर पट्टी उभी.

"आलास व्हय आत्ता?"

आकडे स्वच्छ दिसले, त्यानं लिहून घेतले. हात केला. पट्टी दुसऱ्या दगडावर गेली. मग तिसऱ्या. जरा म्हणून हलली नाय.

फोन वाजला.

"साहेब, माफ करा, गाडी बंद पडली. मी अजून शहरात, क्रांती चौकातच आहे."

"मग पट्टी...?"

"माझ्याजवळच आहे की."

संघपालनं मान वर केली. मिट्ट अंधार. स्वतःचा हात दिसेना... मग आकडे?

बॅटरी मारली. चर रिकामा.

वही तिथंच टाकून पळाला.

सकाळी मला घेऊन गेला. वही तिथंच पडलेली, त्यानं आकडे जुळवून पाहिले. फरक साहेबाच्या वहीतलाच, तंतोतंत. संघपाल रडकुंडीला आला. "नाना, आता बाईला काय कळवू? पट्टी कोणी धरली म्हणून सांगू?"

मी संघपालची वही हातात घेतली. पानाच्या तळाला पट्टी धरणाऱ्याच्या सहीची जागा असते. त्यानं ती कोरी सोडली होती.

तिथं मातीचा अंगठा उठला होता... डावा.

अर्धाच.