दुसरं कुलूप

दुपार कलली तसे कुलूपराव अवजारांची पेटी घेऊन जिन्याने गच्चीखालच्या मशीनच्या खोलीत आले. काम जवळपास उरकलं होतं. स्वतः राहत होते त्याच इमारतीच्या लिफ्टची सर्व्हिस. घर आणि कामाची जागा यांत फक्त काही जिन्यांचं अंतर. इतकं सोयीचं काम परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं.

कुलूपराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते मायदेशी सोबत्यांनी ठेवलेलं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, म्हणजे ती वरखाली जाते त्या उभ्या पोकळीत, उतरण्याआधी मेकॅनिकने मेन स्विच बंद करायचा, त्याच्या कडीत स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकायची. कडीला बरीच भोकं असतात. जितकी माणसं आत, तितकी कुलपं बाहेर. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. नियम सगळ्यांना पाठ असतो आणि घाई झाली की सगळेच तो धाब्यावर बसवतात. हा बहाद्दर मात्र शाफ्टमधला दिवा बदलायचा तरी कुलूप घालणार. "अहो, जेवायला बसतानाही घाला एखादं," असं बायको म्हणायची, आणि म्हणताना तिच्या आवाजात कौतुक लपायचं नाही.

ह्या हट्टापायीच परदेशातल्या कंपनीने त्यांना निवडलं. कंपनीच्या कागदावर तिघंही आली: ते, बायको आणि पहिलीतली लेक ठमी. बायकोने शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडली, राहतं घर मोडलं. इथलं घर कंपनीचं, व्हिसा कंपनीचा. नोकरी गेली की बिऱ्हाड, ठमीची शाळा आणि पायाखालचा देश, सगळं एकदमच जाणार होतं. कुलूपरावांना हे माहीत होतं, आणि कंपनीच्या साहेबांना तर त्याहून चांगलं माहीत होतं.

मशीनच्या खोलीत ग्रीसचा आणि तापलेल्या धुळीचा वास कोंडला होता. थंडीच्या दिवसांत तिथे फार लवकर अंधारून यायचं. झरोक्यातला उजेड आताच राखेच्या रंगाचा झाला होता. कुलूपरावांनी किल्ली काढली, स्वतःचं कुलूप उघडून हातात घेतलं आणि स्विचकडे हात नेला.

कडीत आणखी एक कुलूप होतं.

जुनं, पितळी, कडेने झिजलेलं. दुपारी ते तिथे नव्हतं. कुलूपरावांनी बोट लावलं तर ते कोमट लागलं, नुकतंच कुणी खिशातून काढून लावल्यासारखं.

कामावर ते एकटेच होते. त्यांनी शाफ्टवरची झडप उघडली आणि खाली हाक मारली. "कोण आहे आत?"

आवाज खाली गेला तो परत आलाच नाही. एरवी शाफ्टमध्ये साधं शिंकलं तरी घुमतं.

त्यांनी खाली फोन लावला. कंपनीचे साहेब धापा टाकत जिने चढून आले. लिफ्ट बंद म्हणून सातव्या मजल्यावरची म्हातारी भाडेकरू दुपारपासून त्यांचं डोकं खात होती.

"काय झालं आता?"

"कुणीतरी आत आहे साहेब. कुलूप आहे."

साहेबांनी कडीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "कापा ते. कातर आहे ना पेटीत?"

"दुसऱ्याचं कुलूप मी कापत नाही."

"दुसरा आहे कोण इथे? कापा आणि लिफ्ट चालू करा."

"आधी खाली बघून येतो."

"बघायला गेलात तर उद्यापासून येऊ नका," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या व्हिसाचं मी आजच कळवतो. बायकोला सांगा, सामान बांधायला घे."

ठमी परवाच शाळेतून उड्या मारत आली होती, पहिली मैत्रीण मिळाली म्हणून. तो चेहरा कुलूपरावांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पण आत माणूस असताना स्विच टाकायचा, हे त्या हातांना येतच नव्हतं. त्यांनी आपलं कुलूप पुन्हा कडीत घातलं, किल्ली खिशात टाकली, साहेबांच्या हाती लागू नये म्हणून लोखंड कापायची भलीमोठी कातर काखेत मारली आणि जिना उतरायला लागले. साहेब बघतच राहिले. सगळा संसार पणाला लावून असा सरळ पाठीने उतरणारा माणूस त्यांनी बहुधा पाहिला नसावा.

तळघरात शाफ्टचं शेवटचं दार होतं. कुलूपरावांनी ते उघडून आत बॅटरी मारली.

खड्ड्यात, लिफ्टखालच्या स्प्रिंगांच्या मधोमध, मांडीवर दप्तर घेऊन ठमी बसली होती.

"बाबा, किती वेळ लावलात हो!"

कुलूपरावांनी तिला उचलून बाहेर घेतलं. "तू... तू इथे कशी?"

"तुमचं काम बघायला आले. दार उघडं होतं, मग आपोआप लागलं. मला रडू आलं. पण काका म्हणाले, घाबरू नकोस, मी वर कुलूप लावतो. मग तुझे बाबा लिफ्ट चालू करणार नाहीत."

"कुठले काका?"

"आपल्यासारखं बोलणारे."

बायको हाका मारत जिना उतरून आली. पोर बाबांजवळ असेल, या भरवशावर ती घरात निर्धास्त होती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मागच्या उघड्या खड्ड्याकडे पाहिलं आणि ठमीला छातीशी धरून ती वर गेली.

साहेब मागोमाग आले होते. ते दाराला टेकून उभे होते. "मीच... दुपारी मीच उघडलं होतं हे दार. काम बघायला. नीट ओढलं नसेल..."

कुलूपरावांनी साहेबांना बाजूला सारून दार घट्ट ओढून लावलं. बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या.

दोघं पुन्हा वर आले. बाहेर आता पुरता काळोख झाला होता. कडीत दोन्ही कुलपं तशीच होती. कुलूपरावांनी आपलं काढलं. पितळी कुलूप हललं नाही.

"आता तर कुणी नाही ना आत?" साहेबांनी विचारलं.

"कुलूप आहे, म्हणजे आहे."

साहेबांनी पितळी कुलपाकडे पाहिलं. मग इतक्या हळू बोलले की कुलूपरावांना पुढे वाकावं लागलं.

"हे कुलूप... मी एकदा कापलंय."

"कधी?"

"तुमच्या आधी. तुमच्याकडचाच होता तो. त्यालाही आम्हीच आणलं होतं... बायकापोरांसकट. मला वाटलं, विसरला असेल काढायला. मला घाई होती, मी स्विच टाकला... तो आतच होता."

कुलूपरावांचं डोकं सणकलं, आणि त्याच क्षणी ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसाबद्दल ऊर भरून आला. त्याचं कुलूप त्याला वाचवू शकलं नव्हतं. तरीही दुसऱ्याच्या लेकरासाठी तो पुन्हा ते लावायला आला होता. मेकॅनिक असावा तर असा.

तेवढ्यात शाफ्टमधल्या शिडीवर पाऊल वाजलं.

मग दुसरं. कुणीतरी सावकाश, एकेका पायरीवर थांबत वर येत होतं, दिवसभराच्या कामाने दमलेला माणूस येतो तसं. झडपेपाशी पावलं थांबली. ताज्या ग्रीसचा वास आला. कडीपाशी किल्ली फिरल्याचा बारीक आवाज झाला, आणि कडी रिकामी झाली.

साहेब भिंतीला चिकटून बाजूला झाले. कुलूपरावांनी मान लववली. "या दादा," ते म्हणाले.

पावलं दोघांच्या मधून गेली, दाराबाहेर पडली, जिना उतरू लागली. पहिल्या वळणावर ती थांबली, ती थांबलीच.

साहेबांनी कुलूपरावांची बाही घट्ट धरली. "तुम्ही... उद्या येताय ना? तुमची नोकरी कुठेही जात नाही. तुम्ही, वहिनी, मुलगी... इथेच राहायचं. ऐकताय ना?"

"येईन की," कुलूपराव आपली बाही सोडवून घेत म्हणाले. "पण आता आधी तुम्ही उतरा, साहेब. ते तुमच्यासाठी थांबलेत."