सात लाख वीस हजार सातशे वीस

त्या दुपारी मी दवाखान्यात गेले ती फक्त दादाला जेवायला जाता यावं म्हणून. चार वाजता डॉक्टर येणार होते आणि श्वासाचं मशीन बंद करायचं की नाही, ते दादानं सांगायचं होतं. आमची धाकटी बहीण, घरातलं शेंडेफळ, कित्येक दिवस डोळे मिटून पडली होती. डॉक्टरांच्या मते आत कुणी उरलंच नव्हतं.

मला नाही पटत असलं काही. गणित शिकवते मी. पडताळा पाहिल्याशिवाय उत्तर मानत नाही.

ओढलेले पडदे, औषधांचा वास, मशीनचा संथ उसासा... माझे डोळे जड झाले. ब्लँकेटखाली हात सरकवला, तर तिची बोटं लागली. गार, ओळखीची. आणि आमचा खेळ आठवला. लहानपणी एका पांघरुणात आम्ही तो खेळायचो. आकडा ठरलेला: सात लाख वीस हजार सातशे वीस. एकीनं भाजक सांगायचा, दुसरीनं जेवढी बाकी उरेल तेवढ्या वेळा हात दाबायचा. एकपासून सोळापर्यंत सगळ्यांनी त्याला पूर्ण भाग जातो, बाकी शून्य. "किती गुणी आकडा गं, कुणाशी भांडतच नाही," ती म्हणायची.

मी कुजबुजत सुरू केलं. "दोन... तीन... चार..." हात निपचित. तसाच हवा होता. सोळापर्यंत तसाच राहिला.

"सतरा..."

बोटं आवळली. एकदा, दोनदा... पाचदा.

बाकी पाचच उरते. पण ते पाच मलाही पाठ होते. मनाचे खेळ असतील. म्हणून आम्ही कधीच न घेतलेला भाजक घेतला. "तेवीस..."

पंधरा वेळा. दुसऱ्या हातानं मोबाईलवर हिशेब केला. पंधराच.

दादा डॉक्टरांना घेऊन आला तेव्हा मी रडता रडता हसत होते. "दादा, ती आहे रे. बंद नको करू."

तो मटकन स्टुलावर बसला. "चालूच ठेवा," डॉक्टरांना म्हणाला.

तपासायला नर्सबाईंनी ब्लँकेट दूर केलं. धाकटीचे दोन्ही हात पोटावर होते, मऊ पट्ट्यांनी बांधलेले. "झटक्यांनी नळ्या निघू नयेत म्हणून सकाळीच बांधलेत," त्या म्हणाल्या.

गादीवर माझी मूठ एकटीच होती. पण आतली पकड सुटली नव्हती.

"नक्की आहे ना गं ती?" दादानं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. माझ्या शेजारीच होती ती, अगदी खेटून. आणि दादा पलंगावरच्या त्या रिकाम्या देहाच्या कपाळावरून हात फिरवत होता.

भाजक मी विचारलाच नव्हता. तरी ती माझा हात दाबत राहिली... तीस, चाळीस... आणि दर वेळी जराशी दाराकडे ओढत होती.