दर तीस सेकंदांनी

वाहतूक कंपनीच्या ऑफिसात तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण नवरा तिथलाच ड्रायव्हर. ड्रायव्हरांच्या घरच्यांसाठी तिनं वेबसाइटवर एक पान बनवलं होतं. त्यात नकाशा, आणि नकाशावर प्रत्येक ट्रकचा निळा ठिपका. घरोघरच्या बायका बोटानं पान ओढून ओढून बेजार व्हायच्या, म्हणून वहिनीनं कोडमध्ये एक ओळ घातली. पान दर तीस सेकंदांनी आपोआप ताजं व्हायला लागलं. कोण कुठे चहाला रेंगाळलंय तेही घरी कळू लागलं, आणि ड्रायव्हरांनी वहिनीच्या नावानं भरपूर बोटं मोडली. सगळ्यात जास्त तिच्या नवऱ्यानं.

मग पुराच्या दिवसांत त्याचा ट्रक पुलावरून नदीत गेला. ट्रक सापडला. तो नाही सापडला. ठिपका पुलावरच अडकून राहिला. तो काढून टाका, असं ऑफिसनं दोनदा सांगितलं. वहिनी हो म्हणायची, पण हात धजेना. जेवतानाही ती लॅपटॉप समोर ठेवायची. तेवढीच सोबत.

एका दुपारी ठिपका पुलाच्या अलीकडे आलेला दिसला.

तिनं आधी स्वतःचीच चूक शोधली, सवयच ती. कोड वरपासून खालपर्यंत चाळला. ट्रकमधलं ठिकाण कळवणारं यंत्र तर केव्हाच भंगारात गेलं होतं. तरी दर तीस सेकंदांनी ठिपका पुढे सरकत होता, त्याच्या नेहमीच्या रस्त्यानं, चढावर जरा हळू. शेजारीच राहणाऱ्या नणंदेला तिनं बोलावून घेतलं.

नणंदेनं स्क्रीनवर वाकून पाहिलं. "वहिनी, बंद कर ते. दादा गेला गं."

"घरी येतोय तो," वहिनी म्हणाली.

नणंद तिच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

ठिपका गल्लीत वळला.

घरावर आला.

वाटेत तो कुठेच थांबला नव्हता, हे वहिनीला तेव्हा उमगलं. पान पुन्हा ताजं झालं की तो पुढे निघून जाणार. तिनं घाईघाईनं ती ओळ पुसली आणि पान थांबवलं.

ठिपका घरावरच राहिला.

मागून डिझेलचा आणि ओल्या शर्टाचा वास आला. मानेवर श्वास लागला. किती वाट पाहिली होती तिनं. तिचे डोळे भरून आले.

"आलास?"

मागे वळायचा धीर होईना. तिनं नणंदेला हाक मारली. स्वयंपाकघराच्या दारातून नणंद दिसत होती, नळाखाली भांडं धरून उभी, पापणीही न हलवता.

ओळ परत घालायला हवी, हे वहिनीला कळत होतं. तिनं हात मांडीवर ठेवले.

आत नळाची धार भांड्याच्या वीतभर वर हवेत तशीच थांबली होती.