एकोणसाठ होकार

तोयामेट्ट्याचा निकाल चार सेकंदांत लागला होता आणि गाव म्हणत होतं, चला, आता बोलायला बसू.

निकाल घ्यायला आलेल्या डॉ. शर्वरी देवस्थळींनी कपाळाला हात लावला. अकरा वर्षांपूर्वी देशातलं मतदान बंद झालं, ते त्यांच्या संस्थेच्या कलयंत्रामुळे. प्रश्न कानावर पडताच माणसाची नाडी, श्वास आणि डोळे कसे हलतात ते टिपून, त्याचा कल कुठे आहे हे कलयंत्र त्याने तोंड उघडण्याआधीच सांगे. दोन कोटींच्या शहराचा कौल चहा निवायच्या आत मिळे. इथे तर जेमतेम साठ माणसं. गाव उठवून डोंगरावर उपग्रहतळ बांधायचा का? होकार एकोणसाठ, नकार एक.

तो एक नकार जैनी वड्डे या म्हातारीचा होता.

"निकाल लागलाय, जैनीबाई. आता बसून काय करणार?"

"तुझ्या यंत्राला कळलं. आम्हाला कुठे कळलंय अजून?"

शर्वरींची समजूत अशी, की जंगलातली माणसं गावप्रमुख मान हलवेल तशी मान हलवतात. इथला गावप्रमुख लालसू तर चटया अंथरत होता! जेवण आलं तेव्हा पहिला भात पडला जैनीच्या पानात. जी एकटी विरोधात, तिलाच आधी वाढायचं?

"असं का?" त्यांनी विचारलं.

लालसूने अडाणी माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. "उपाशी माणूस लवकर हो म्हणतो, बाई. असला होकार काय कामाचा?"

तीन दिवस गाव बोललं. जैनीने भाषण ठोकलं नाही. ती फक्त एकेकाला विचारत राहिली, तळासाठी डोंगरावरचा झरा बुजवला तर खालच्या चार गावांनी पाणी कुठलं प्यायचं? माणसं चिडली, भांडली, गप्प झाली. तिसऱ्या दुपारी शेवटचा होकारही गळाला. साठ नकार.

शर्वरींनी यंत्र तीनदा तपासलं. ते बिघडलं नव्हतं. पहिल्या सकाळी ती एकोणसाठ माणसं खरोखरच हो म्हणणार होती. यंत्राला एकट्या माणसाचं मत कळत होतं. शेजारच्याचं ऐकून ते बदलतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणजे दोन कोटींच्या शहरात अकरा वर्षं निकालाआधी कुणी कुणाचं ऐकलंच नव्हतं.

"वरच्यांना हे चालणार नाही," त्या पुटपुटल्या.

"मग येऊन बसू दे त्यांना इथे. आधी वाढू त्यांना," जैनी फटकन म्हणाली. "आणि तू? तीन दिवस आमच्यात बसलीस. बसेल त्याने बोलायचं. तुझं मत काय?"

शर्वरींनी तोंड उघडलं. पण सवयीने त्यांनी यंत्र स्वतःकडे वळवलं. पडद्यावर उमटलं: होकार. हे आपलंच मत आहे का, ते त्यांना खरंच सांगता येईना.

जैनीने त्यांच्या हातातून यंत्र काढून घेतलं, टोपलीखाली झाकलं आणि त्यांच्यापुढे पान मांडलं.

"घाई नाही. आधी जेव," ती म्हणाली. "आम्ही बसलोय."