थांब गं बाई, दळण ऱ्हायलं

कुणाला घाबरवायला मी हे लिहीत नाही. तेवढी ताकदच आता अंगात उरलेली नाही. जे माझ्या कानांनी ऐकलं, तेवढंच सांगते. पटलं तर पटलं.

मी वनमाला. केजला राहते, बाजारतळापासून थोडं आत. नवरा समाधान काळी-पिवळी जीप चालवतो. दिवस उगवायला जातो, अंधार पडल्यावर येतो. घरात मी आणि माझी सासू, बायनाबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी आत्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. साधं पाणी मागता येईना.

पण गाणं म्हणता यायचं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. बोलणं जातं, गाणं राहतं.

आत्यांचं एकच गाणं राहिलं होतं. त्यांच्या आवडीचं. चकलांब्याचं, माहेरचं.

धडधाकट होत्या तेव्हा त्यांनीच मला ते शिकवलं होतं. गाणं दोघींनी मिळून म्हणायचं. एक बहीण न्यायला येते, दुसरी सासरी कामात अडकलेली. आत्यांची धाकटी बहीण दगडाबाई पहिल्या ओळी म्हणायची, आत्या दुसऱ्या.

आले गं बाई, शिवंला आले,
चल माहेरा, न्यायला आले.

थांब गं बाई, दळण ऱ्हायलं,
कशी मी येऊ, दळण ऱ्हायलं.

आधी ती गावाच्या शिवेवर असते, मग पाणवठ्यापर्यंत येते. हिचं धुणं राहिलेलं. मग अंगणात येते. हिची भांडी राहिलेली. शेवटी ती उंबऱ्यात येते, तेव्हा हिचं सगळं काम सरलेलं असतं. दोघी निघतात.

"आमाला भाऊ न्हवता," आत्या सांगायच्या. "पंचमीला दगडीच निघाली मला न्यायला. मी समदं आवरून बसले. वाटंत वढ्याला पाणी आलतं."

"मग?"

"मग काय... ती आलीच न्हाई. सापडली बी न्हाई."

लकव्यानंतर आत्या फक्त स्वतःच्या ओळी म्हणायच्या.

एक ओळ... मग गप्प.

बहिणीच्या ओळींना जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ गप्प. तेवढा वेळ मान दाराकडे. मग पुढची ओळ.

दिवसभर हेच. मी त्यांची कूस बदलायची, अंग पुसायची, पेज भरवायची, चादरी धुवायची. आणि कानात ते गाणं. एकदा मी वैतागून म्हणाले, "आत्या, जरा गप बसा की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "थांब गं बाई, दळण ऱ्हायलं..."

मला रडू आलं. मग उठून मी पुन्हा कामाला लागले.

वैशाखातली दुपार होती. लाइट गेलेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम शांत झालं. मी स्वयंपाकघरात फरशीवर आडवी झाले होते. आतून आत्यांची ओळ आली. मग नेहमीसारखी शांतता.

आणि त्या शांततेत...

...आले गं बाई, पाणवठ्याला आले.

आवाज कोवळा होता. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचा.

मला वाटलं, डोळा लागला असेल. संध्याकाळी शेजारच्या मनिषाने भिंतीवरून विचारलं, "वहिनी, पाव्हणी आलीय का? दुपारी गाणं म्हणत व्हती आत्याबरुबर. आवाज लई गोड हाय."

मी दोरीवरची चादर ओढली आणि आत आले.

रात्री समाधानला सांगितलं. तो भाकरी खात होता. त्याचेही डोळे मिटत होते.

"तुला झोप न्हाई, म्हणून व्हतंय," तो म्हणाला.

"मनिषालाबी ऐकू आलं."

"मग कुणाचा तरी मोबाइल वाजत असंल."

नंतरच्या दिवसांत आवाज जवळ येत गेला. आधी रस्त्याकडून यायचा. मग अंगणातून.

आत्या उत्तर द्यायच्या. भांडी राहिली. थांब.

एके दिवशी मात्र माझं सगळं काम लवकर उरकलं. गिरणीतून पीठ आणलेलं, धुणं वाळत घातलेलं, भांडी पालथी घातलेली. कितीतरी दिवसांनी हात रिकामे होते. मी आत्यांच्या खाटेपाशी बसले आणि काठावर डोकं टेकवलं.

बाहेर चिमणीसुद्धा बोलत नव्हती.

आत्यांनी ओळ घेतली. जी त्या कधीच म्हणत नव्हत्या, ती.

"चल गं बाई... काम न्हाई ऱ्हायलं."

मी डोकं वर केलं.

उंबरा ओला होता.

आमच्याकडे आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नाही. अंगणात धूळ होती. आणि घरात वास भरला होता... गढूळ पाण्याचा. पुराच्या पाण्याचा.

आत्यांची मान दाराकडे होती. श्वास थांबला होता.

तेरावा झाला. पाहुणे गेले. मी दोन दिवस नुसती झोपून काढले. वाईट वाटत होतं, पण अंग हलकं झालं होतं, तेही खरं. वाटलं, आत्या सुटल्या. गाणंही संपलं.

आषाढ लागला. दुपारी मी तांदूळ निवडत होते.

...आले गं बाई, शिवंला आले.

लांबून. रस्त्याकडून.

पण हा आवाज कोवळा नव्हता. जाडसर, दमलेला, जीभ अडखळणारा. दोन वर्षं मी तोच ऐकत होते.

आत्यांचा.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थांबा आत्या, दळण राहिलंय."

आवाज थांबला.

तेव्हापासून त्या येतात. रोज नाही, पण येतात. मी उत्तर देते. दळण राहिलं, धुणं राहिलं. आता त्या अंगणापर्यंत आल्या आहेत. म्हणून मी मोरीत एक तांब्या रोज तसाच खरकटा ठेवते. समाधान विचारतो, "ह्यो कशाला ठिवलास गं?" मी म्हणते, सकाळी घासते.

मनिषाला आता हा आवाज ऐकू येत नाही.

आत्यांची मला भीती वाटत नाही. त्या मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत.

पण मी फार दमले आहे. काल दुपारी अंगणातून आवाज आला, तेव्हा मी मोरीत होते... आणि तो तांब्या माझ्या हातात होता. निम्मा घासून झालेला.

कधी उचलला, ते मला आठवत नाही.