खाली न बघणारा बोका

त्या दुपारी मी माझ्या एमेटला टोपलीत घालून कामावर नेलं, कारण त्याला सांभाळणाऱ्या शेजारीणबाई तापाने फणफणल्या होत्या. रांगतं पोर घेऊन कार्टूनच्या स्टुडिओत जाणारी आई शहाणी नसते, हे मला कळत होतं. पण त्याच दिवशी मला रंग भरायचं सोडून पहिल्यांदा टाकाने चित्राची रेघ मारायला मिळणार होती. हॉलिवूडमध्ये नट्यांना मान असेल, आमच्या माडीवर तो रेघवाल्या बायकांना होता.

धूळ नको म्हणून खिडक्या बंद, पंखे बंद. शाईचा आणि घामाचा कोंदट वास. बोलायला मनाई. ऐकू यायची ती फक्त टाकांची खरखर, कुणीतरी भिंतीआड कुरतडत असल्यासारखी.

"हा बोका कड्याच्या पुढे चालत जातो," आमच्या मुख्य मिस प्रुइट हलक्या आवाजात म्हणाल्या. "हवेत. खाली बघत नाही तोवर पडत नाही. तुझी रेघ थरथरली, तर त्याला कळेल. समजलं?"

"हो, मॅडम."

"आणि टेबलाखालची टोपली मला दिसलेली नाही."

शेजारच्या टेबलावरची ओपल फिसकन हसली. "नदीन, तुझं पोर तुझ्यापेक्षा धीट आहे गं. बघ कसं गप पडलंय."

माझे हात एरवी दुधाची बाटली भरतानाही कापतात. त्या दिवशी कापले नाहीत. चित्रकारांच्या कागदांवरून सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर बोका उतरत गेला. छाती काढून, नजर समोर, पायाखाली काही नाही. शेवटचा ताव उजेडाला धरला तर वाटलं, आता मिशा हलतील. मी इतकी फुगून गेले की टेबलाखाली बघायचंच विसरले.

बघितलं तेव्हा टोपली रिकामी होती.

मागचं दार कुणीतरी वाऱ्यासाठी उघडलं होतं. बाहेर लोखंडी जिना. त्याचा एका बाजूचा कठडा दुरुस्तीला काढलेला. एमेट त्याच बाजूने रांगत गेला होता. कडेपर्यंत नाही... कडेच्या पुढे. त्याच्या हातांखाली काही नव्हतं, गुडघ्यांखाली काही नव्हतं. खूप खाली अंगणातली फरशी होती. आणि तो मजेत रांगत होता.

मी किंकाळी फोडायला तोंड उघडलं. ओपलने मागून माझ्या तोंडावर हात दाबला.

"ओरडू नकोस... तो खाली बघेल..."

जगात दुसरं कुणीही असं म्हणालं नसतं.

ताव अजून माझ्याच हातात होता. मी पोटावर आडवी झाले, हात लांब केला. "एमेट... राजा... हे बघ, बोका..."

तो वळला. बोक्याकडे बघून बोळकं पसरून हसला. नजर न हलवता, हवेतून, सावकाश परत आला. त्याचा तळवा लोखंडावर टेकला आणि मी त्याला ओढून घेतलं. ओली शाई त्याच्या गालाला लागली.

फिल्म दाखवली तेव्हा बोक्याच्या त्या चालीवर अख्खं थिएटर हसून लोटपोट झालं. "ही रेघ आमच्या नदीनची," मिस प्रुइट सगळ्यांदेखत म्हणाल्या. टाक कायमचा माझा झाला. आयुष्यात इतक्या ताठ मानेने मी कधी घरी गेले नव्हते.

एमेट आता चालतो. सगळ्यांच्या पोरांसारखा पडतोही. फक्त पायरीवरून पाय सुटल्यावर धप्पकन आवाज यायला जरा उशीर होतो.

बागेत इतर आया ओरडत असतात, "खाली बघून चाल रे!"

मी त्याला असं कधीच सांगत नाही.