दव न पडलेली वाट

छावणीतलं बॉयलरघर दसऱ्यानंतर कायमचं बंद झालं आणि महिनाभरात तुळसाबाईच्या विहिरीवरची काळी साय गेली. तिथल्या एका भट्टीतून अख्ख्या छावणीला गरम पाणी आणि वाफ जायची. तिचं कोमट सांडपाणी बारा महिने नाल्यात यायचं. आता नाला गार झाला, बगळे परतले. बावीस वर्षं तिथली राख डोक्यावर वाहिलेल्या तुळसाबाईचं काम तेवढं गेलं, म्हणून ती बगळ्यांकडे जरा रागानंच बघायची.

सुधारलेलं हवा-पाणी मोजायला निकिता नावाची मुलगी मानोऱ्याहून सरकारी जीपनं येई. मार्गशीर्षातल्या एका पहाटे तुळसाबाईनं तिला शेतात नेलं. सगळा हरभरा दवानं पांढरा, आणि मधून हातभर रुंदीची कोरडी, हिरवी वाट. छावणीच्या भिंतीपासून निघालेली.

"खाली वाफेचा पाइप असेल, मावशी."

"पाइप भिंतीपाशीच सरते. तिथून म्या पावलं मोजले. परवा चाळीस होते, आज बासष्ट."

निकितानं खणायला लावलं. कंबरभर खोल काळी माती, गार. थर्मामीटर खड्ड्यात बावीस दाखवी आणि वर वाटेवर एकेचाळीस. तिनं तो पुसला, पुन्हा लावला.

"राख धुमसत असेल आत," ती म्हणाली. पण वहीत तसं लिहिलं नाही.

"तोंड कोणीकडं हाय वाटेचं, पाह्यलं?"

बांधावरच्या चिंचेला वळसा घालून वाट वळली होती. समोर एकच घर होतं, तुळसाबाईचं. आत तिची सून मंजू, दिवस भरलेली.

गावात कोणी बाळंत झाली की तिच्या बाजेखालच्या शेगडीला निखारे तुळसाबाईच न्यायची, बॉयलरचे. दिवसभर विझत नसत. दोन वर्षांमागं मंजूचं पहिलं लेकरू झालं, तेव्हा नेमका बॉयलर दुरुस्तीला होता. पाचव्या दिवशी ते लेकरू गारठ्यानं गेलं.

"भट्टी विझवली त्या दिवशी," तुळसाबाई हळूच म्हणाली, "म्या तिच्या दाराले हळद-कुंकू लावलं. अक्षता ठेवल्या. म्हटलं, सुनेच्या बाळंतपणाले येजो."

निकिता हसली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "मग आता नको म्हणा."

"बलावलेल्या पावण्याले दारातून वापस कसं लावू वं?"

मंजूला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी वाट अंगणात आली. चौथ्या दिवशी उंबऱ्याशी.

पाचव्या दिवशी सकाळी मंजू म्हणाली, "आत्याबाई, शेगडी काढा आता. लय गरम होऊन राह्यलं."

शेगडी तुळसाबाईनं ठेवलीच नव्हती.

ती वाकली. बाजेखालचं सारवण तडकलं होतं. तिनं हात टेकवला आणि झटकन ओढून घेतला.

दुपारच्या आत तिनं भाड्याची जीप बोलावली. मंजूला आणि पोरीला कारंज्याला, माहेरी.

"पाचवी तिकडंच पुजा."

"ओल्या बाळंतिणीले कायले धाडता, आत्याबाई? माह्यं काही चुकलं का?"

"तुह्यं नाही वं, माय. जाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे वाट नव्हती. हरभरा या बांधापासून त्या बांधापर्यंत पांढरा. उंबरा गार. तुळसाबाई दारात बसली आणि किती दिवसांनी चहा तिच्या घशाखाली नीट उतरला.

नऊला मंजूचा फोन आला.

"पोरगी कशी हाय?"

"मजेत. पाळण्यात झोपली हाय. फक्त कुत्र्यायनं लय तरास दिला, आत्याबाई."

"कुत्रे?"

"गल्लीतले. पहाटपासून थंडीच्या मारे घरात घुसून राह्यले. हाकललं तरी उठत नाहीत. सारेच्या सारे पाळण्याखाली येऊन निजले."